लोडिंग कॉइलच्या खाली आणि वर करंट सारखाच असतो का?

सप्तमेगा

नमस्कार मंडळी. दोन आठवडे एकाच प्रश्नात अडकलो आहे, म्हणून धागा काढतोय.

७.१ मेगाहर्ट्झसाठी एक आखूड उभी अँटेना केली आहे. वर अडीच मीटरचा सरकता दांडा, तळाशी लोडिंग कॉइल (दांड्याची कमी पडणारी लांबी भरून काढणारी), जमिनीवर तळापासून चहूकडे पसरलेल्या रेडियल तारा. कॉइल ५ सेंमी व्यासाची, १० सेंमी लांबीची, ३१ वेढ्यांची. मीटरवर इंडक्टन्स २० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो. रेझोनन्स (दांडा आणि कॉइल यांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात ती स्थिती) नीट मिळाला, संपर्कही होतात, तक्रार काही नाही. पण कॉइलमध्ये करंटचं काय होतं हे बघायचं म्हणून १० वॅट सोडून थर्मोकपल अँमीटरने मोजलं. खाली ०.८४ अँपिअर, कॉइलच्या वर ०.६९. म्हणजे वर ८२ टक्के.

आता अडचण अशी. एक पक्ष म्हणतो, कॉइल मालिकेत आहे, एका टोकाने गेला तेवढा करंट दुसऱ्या टोकाने बाहेर पडणारच, तेव्हा १०० टक्के यायला हवा. दुसरा पक्ष म्हणतो, एक तरंगलांबी ३६० अंश धरली तर पूर्ण उभी अँटेना पाव तरंगलांबीची, म्हणजे ९० अंशांची, माझा दांडा २१ अंशांचा, उरलेले ६९ अंश कॉइल भरून काढते. म्हणून करंटही तितक्या अंशांनी उतरतो आणि वर ३६ टक्केच राहायला हवा. माझं मोजमाप या दोघांपैकी कुणाच्याच बाजूने नाही. चूक माझी की सिद्धांताची?

अंशमापे

तुमचं मोजमाप दुसऱ्या पक्षाच्या बाजूला झुकतंय असं मला वाटतं. करंट उतरला, हे तर तुम्हीच दाखवलंत. पूर्ण पाव तरंगलांबीच्या तारेवर करंट तळाशी सर्वात जास्त आणि टोकाला शून्य असतो, मधला उतार साइन वक्रासारखा. त्या तारेचा खालचा भाग कापून त्या जागी कॉइल बसवली, तर कापलेला उतार कुठेतरी जायला हवाच. जुन्या पुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये हा वक्र कॉइलमधून सलग काढलेला असतो. मी अनेक वर्षं याच हिशेबाने अँटेना केल्या आणि त्या चालल्या.

तांबेतार

अँटेना चालली म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही, अंशमापे. कॉइलचे वेढे आपण शेवटी रेझोनन्स बघूनच ठरवतो. त्यामुळे चुकीच्या चित्रावरूनसुद्धा योग्य कॉइल हाताला लागते.

एक साधी गोष्ट तपासा. ७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ४२.२ मीटर. ६९ अंश म्हणजे ८ मीटरच्या थोडी वर तार. सप्तमेगांच्या कॉइलमध्ये ३१ वेढे, प्रत्येक १५.७ सेंमीचा, म्हणजे जेमतेम ४.९ मीटर. मग कॉइलने ६९ अंश ‘भरले’ ते कुठून? तीच २० मायक्रोहेन्री फेराइटच्या कड्यावर गुंडाळली तर मीटर-दीड मीटर तारेत काम भागतं, आणि अँटेना तरीही रेझोनन्सला येते. अंशांचा संबंध तारेच्या लांबीशी नाही हे इथेच कळतं.

माझ्या मते करंट दोन्हीकडे सारखाच. किरचॉफचा नियम (आत जातो तेवढाच करंट बाहेर पडतो) मोडत नाही. मोजमापात गडबड आहे.

शांतलहर

मोजमापात गडबड आहे हे मलाही पटतं, पण ‘सारखाच’ हे नाही. तांबेतार, किरचॉफचा नियम तुम्ही दोनच टोकं धरून लावताय, आणि खऱ्या कॉइलला तिसरं टोक असतं: भोवतालचं सगळं. जमीन, रेडियल, खांब, शेजारची तार. कॉइलच्या प्रत्येक वेढ्याचा या भोवतालाशी थोडा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतो. ज्या वेढ्यावर व्होल्टेज आहे तिथून या कपॅसिटन्समधून विस्थापन करंट (तार नसतानाही बदलत्या विद्युतक्षेत्रामुळे वाहणारा) बाहेर जातो. कालव्याचं पाणी काठांतून पाझरावं तसा. वर पोचणारा करंट तेवढाच कमी. नियम मोडलेला नाही, फक्त तिसरी वाट हिशेबात धरायची राहिली होती.

लगेच आकडे मांडते, कारण या विषयात आकड्यांशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

अडीच मीटरच्या दांड्याचा कपॅसिटन्स अंदाजे २५ पिकोफॅरड. ७.१ मेगाहर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स सुमारे ९०० ओहम (बदलत्या करंटला होणारा अडथळा; कॉइलचा आणि कपॅसिटन्सचा एकमेकांच्या उलट असतो). तो रद्द करायला २० मायक्रोहेन्री लागतात, आणि तुमची कॉइल नेमकी तेवढीच आहे. अंश, तरंगलांबी, कापलेला वक्र यांपैकी काहीही न आणता कॉइलची किंमत बरोबर निघाली.

आता कॉइलचा भोवतालाशी कपॅसिटन्स. ५ बाय १० सेंमीचा दंडगोल तेवढ्याच पृष्ठफळाच्या गोलासारखा धरला तर ४.४ पिकोफॅरड येतो. हा पूर्ण मोजायचा नाही, कारण कॉइलच्या तळाशी व्होल्टेज नगण्य आणि माथ्याशी पूर्ण, सरासरी अर्धं. म्हणून पाझरणाऱ्या करंटसाठी २.२ पिकोफॅरड. वर दांड्यात जाणारा करंट २५ च्या प्रमाणात, कॉइलमधून पाझरणारा २.२ च्या. खालचा करंट २७.२ च्या प्रमाणात. वर-खालचं गुणोत्तर ९२ टक्के.

१०० नाही, ३६ नाही, ८२ सुद्धा नाही. नीट मोजलंत तर ९२ च्या जवळपास मिळेल असं मी आधीच लिहून ठेवते.

नवश्रोता

ताई, एक प्रश्न. मी आतापर्यंत समजत होतो की कॉइलची तार गरम होते, म्हणजे कॉइल करंट ‘खाते’, म्हणून वर कमी पोचतो. हे चूक का?

शांतलहर

हो, ते चूक. तारेतला रेझिस्टन्स ऊर्जा उष्णतेत घालवतो, करंट नाही. एका रेझिस्टरच्या दोन्ही बाजूंना करंट सारखाच असतो, उतरतं ते व्होल्टेज. कॉइल वाईट असेल तर संपूर्ण अँटेनेतला करंट कमी होईल, वर आणि खाली दोन्हीकडे. वर-खालच्या गुणोत्तरावर तारेच्या रेझिस्टन्सचा परिणाम नाममात्र असतो. ते गुणोत्तर ठरतं भोवतालाच्या कपॅसिटन्सवर आणि कॉइलच्या वर काय आहे त्यावर.

वेढ्या-वेढ्यांमधल्या कपॅसिटन्सबद्दलही तसंच. त्यातला करंट एका वेढ्यातून निघून दुसऱ्या वेढ्यातच येतो, कॉइलच्या बाहेर जात नाही. मेडहर्स्ट यांनी १९४७ मध्ये एकपदरी कॉइलच्या स्व-कपॅसिटन्सची जी मोजमापं दिली, त्यात तो कॉइलचा व्यास आणि लांबी-व्यासाचं प्रमाण यांवर ठरतो, वेढ्यांच्या संख्येवर नाही. त्या हिशेबाने सप्तमेगांच्या कॉइलला २.५ पिकोफॅरडच्या आसपास येतो. माझ्या २.२ च्या शेजारीच.

अंशमापे

तुमचा हिशेब स्वच्छ आहे, हे मान्य. पण त्यात तुम्ही कॉइल एका बिंदूत असल्यासारखी धरता. कॉइल ही मुळात सर्पिल ट्रान्समिशन लाइन, म्हणजे लहर वाहून नेणारी वाट, आहे. तिच्यातून लहर जायला वेळ लागतो. वेळ लागतो तर फेज (करंटच्या चढउताराची वेळ) बदलायला हवी. टेस्ला कॉइलमध्ये (प्रचंड व्होल्टेज तयार करणारी उंच कॉइल) हे उघड दिसतं. तिथे कॉइल स्वतःच पाव तरंग असते, तळाशी करंट भरपूर आणि माथ्याशी फार थोडा. तिथे तुमचं ‘दोन्हीकडे जवळपास सारखा’ चालत नाही.

तांबेतार

फेजचं मी मोजलं आहे, वेगळ्या कॉइलवर, पण याच पट्ट्यात. दोन सारखे करंट ट्रान्सफॉर्मर, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप. वरच्या आणि खालच्या करंटमध्ये फेजचा फरक जवळपास शून्य होता. लहरीला वेळच लागत नाही, विषय संपला.

शांतलहर

विषय संपत नाही, तांबेतार. इथे तुम्ही दोघंही एकाच खड्ड्यात पडताय, फक्त दोन बाजूंनी.

अँटेनेवर टोकाकडे जाणारी लहर असते आणि टोकावरून परत येणारीही. दोन्ही मिळून स्थिर लहर होते. स्थिर लहरीत प्रत्येक ठिकाणचा करंट एकाच वेळी वाढतो आणि एकाच वेळी उतरतो. ठिकाणानुसार बदलते ती उंची. कॉइल न लावता साध्या पाव तरंगाच्या तारेवर दोन ठिकाणी फेज मोजा, तिथेही फरक जवळपास शून्यच येईल, आणि त्या तारेतून जायला लहरीला वेळ लागतो याबद्दल तर कुणालाच शंका नाही. म्हणून एकूण करंटच्या फेजवरून वेळ लागतो हेही सिद्ध होत नाही आणि लागत नाही हेही नाही. वाद मिटवायचा तर करंटची उंचीच मोजायला हवी.

अंशमापे, तुमची ट्रान्समिशन लाइनची कल्पना मी टाकून देत नाही. उलट, तीच घेऊन पुढे जाऊ. कॉइलचा एकूण इंडक्टन्स २० मायक्रोहेन्री, भोवतालाशी कपॅसिटन्स ४.४ पिकोफॅरड. लाइन म्हणून तिचा इम्पीडन्स (लहरीतल्या व्होल्टेज आणि करंटचं गुणोत्तर) दोघांच्या भागाकाराचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २१०० ओहम. विलंब दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, म्हणजे ९.४ नॅनोसेकंद. ७.१ मेगाहर्ट्झला हे होतात २४ अंश. ६९ नव्हे, २४.

मग उरलेले अंश कुठे? दांड्याचा लाइन म्हणून इम्पीडन्स ३३० ओहमच्या आसपास आहे आणि कॉइलचा २१००. जिथे हे दोन जोडले जातात तिथे एका बिंदूत अंशांची उडी पडते. ३३० ओहमच्या लाइनवरचे २१ अंश खालच्या टोकाशी जो रिअॅक्टन्स दाखवतात, तोच रिअॅक्टन्स २१०० ओहमच्या लाइनवर मिळवायला ६८ अंश लागतात. उडी सुमारे ४७ अंशांची. आता बेरीज करा: दांडा २१, उडी ४७, कॉइल २४. ९२. माझे आकडे अंदाजी आहेत, तरी ९० च्या इतकं जवळ आलं. ही बेरीज पहिल्यांदा जुळली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आणि करंट? कॉइलच्या माथ्याशी ६८ अंशांचा साइन, ०.९३. तळाशी १. कपॅसिटन्सच्या वाटेने ९२ टक्के, ट्रान्समिशन लाइनच्या वाटेने ९३.

अंशमापे

हे मला आजवर कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं. ती उडी मी कधी धरलीच नाही. तिचे अंशही कॉइलच्याच खात्यावर मांडत होतो.

टेस्ला कॉइलचं मात्र समजावून सांगा.

शांतलहर

माथ्यावर धातूची टोपी नसलेल्या टेस्ला कॉइलच्या वर जवळपास काहीच नसतं, म्हणून सगळा करंट कॉइलच्या स्वतःच्या कपॅसिटन्समधूनच जातो. कॉइल तिच्या स्व-रेझोनन्सवर, म्हणजे स्वतःच्याच इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सने ठरणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर, चालते. सप्तमेगांची कॉइल एकटी ठेवली तर तिचा स्व-रेझोनन्स २२-२३ मेगाहर्ट्झच्या आसपास येईल. ७.१ त्याच्या एक तृतीयांशाहून कमी, म्हणून इथे ती जवळपास साध्या इंडक्टरसारखी वागते. स्व-रेझोनन्सच्या जवळ गेलात की तुमचं चित्र खरं होऊ लागतं. पूर्ण दांड्यावर तार गुंडाळून केलेल्या सर्पिल अँटेनेतही तुमचंच चित्र जास्त उपयोगी; तिथे कॉइल हीच अँटेना असते.

सप्तमेगा

मंडळी, आधी मनापासून आभार. ९२ आणि ८२ मधला फरक माझ्या मीटरचा, हे मान्य करून चालतो. पण चूक नेमकी कशी झाली असावी? मीटर खाली आणि वर तोच वापरला होता, आळीपाळीने.

तांबेतार

मीटरचा डबा केवढा आहे, आणि वर मोजताना त्याला काही तार लोंबत होती का?

सप्तमेगा

डबा हाताच्या मुठीएवढा, पत्र्याचा. तार नव्हती. पण आकडा दिसत नव्हता म्हणून मी हातभर अंतरावर उभा होतो.

तांबेतार

मग हेच. तुमच्या कॉइलच्या माथ्यावर व्होल्टेज किती आहे बघा. ०.८४ अँपिअर गुणिले ९०० ओहम, साडेसातशे व्होल्ट. तळाशी यातलं काहीच नाही. खाली डबा लावला तर त्याच्या कपॅसिटन्सला व्होल्टेजच मिळत नाही, तो निरुपद्रवी. वर लावला तर २ पिकोफॅरडसुद्धा ६५-७० मिलीअँपिअर बाहेर काढतात. तुम्हाला जो फरक मोजायचा आहे तोही तेवढाच, ०.८४ चे आठ टक्के! त्यात तुम्ही स्वतः हातभर अंतरावर, म्हणजे आणखी कपॅसिटन्स. शिवाय डबा मीटरच्या कोणत्या टोकाला जोडलेला आहे यावर तो पाझर काट्यातून जाणार की काट्याच्या आधीच निसटणार हे ठरतं. तुमच्याकडे बहुधा आधीच निसटला.

असं करा. फेराइटचं छोटं कडं घ्या, त्यावर दहा-बारा वेढे, त्याला छोटा रेझिस्टर, डायोड आणि बोटभर आकाराचा मीटर. पत्र्याचा डबा नको, लोंबती तार नको. दांडा कड्याच्या मधून जाईल असं बसवा. लांब उभं राहून दुर्बिणीने वाचा किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपा. एकच कडं दोन्ही ठिकाणी वापरा, आणि कडं बसवल्यावर रेझोनन्स सरकला का ते प्रत्येक वेळी तपासा. सरकला तर कडं लुडबूड करतंय.

आणि कॉइलच्या माथ्याला चालू असताना हात लावू नका. १० वॅटलाही चांगला चटका बसतो. १०० वॅटला तिथे २४०० व्होल्ट असतात.

शांतलहर

यात एक प्रयोग जोडा. दांडा सरकता आहे ना? कॉइल अजिबात न बदलता दांडा आत सरकवत एक मीटरच्या आसपास आणा. अँटेना १०.१ मेगाहर्ट्झला रेझोनन्सला येईल. तिथे दांड्याचा कपॅसिटन्स सुमारे १० पिकोफॅरडच उरेल, कॉइलचा पाझर तोच २.२. म्हणजे वर ८२ टक्के. हरवलेल्या अंशांच्या जुन्या हिशेबाने दांडा साडेअकरा अंशांचा, वर २० टक्के यायला हवेत. ८२ की २०, हे ओळखायला फार अचूक मीटर लागत नाही.

नवश्रोता

हे सगळं वाचून डोकं गरगरतंय, पण छान वाटतंय. एकच विचारतो: ९२ असो की १००, प्रत्यक्ष अँटेना करणाऱ्याला काय फरक पडतो?

तांबेतार

९२ की १०० याने फारसा नाही. पण ९२ की ३६ याने खूप, कारण कॉइल कुठे बसवायची हे त्यावर ठरतं.

आखूड अँटेनेचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी म्हणून बाहेर जाणाऱ्या शक्तीचा हिस्सा दाखवणारा) करंटच्या सरासरीच्या वर्गावर अवलंबून असतो. अडीच मीटरच्या दांड्यावर ७.१ मेगाहर्ट्झला करंट वरपासून खालपर्यंत एकसारखा राहिला असता तर साडेपाच ओहम मिळाले असते. कॉइल तळाशी असेल तर दांड्यावर करंट टोकाकडे सरळ उतरतो, सरासरी निम्मी, म्हणून पाव: १.४ ओहम. कॉइल मध्यावर नेली तर खालच्या अर्ध्या भागात करंट जवळपास पूर्ण राहतो आणि उतार फक्त वरच्या अर्ध्यात. सरासरी पाऊण, रेडिएशन रेझिस्टन्स ३.१ ओहम. दुपटीहून जास्त! कॉइल करंट दोन्ही बाजूंना जवळपास सारखा ठेवते म्हणूनच हे शक्य होतं.

किंमतही मोजावी लागते. मध्यावरच्या कॉइलच्या वर अर्धाच दांडा उरतो, कपॅसिटन्स निम्मा, म्हणून इंडक्टन्स जवळपास दुप्पट लागतो आणि कॉइलचा लॉसही दुप्पट. क्यू (कॉइलचा रिअॅक्टन्स भागिले तिचा रेझिस्टन्स) २०० धरला तर तळाशी साडेचार ओहम, मध्यावर नऊ. जमिनीचे आठ ओहम धरा. तळाच्या कॉइलला कार्यक्षमता १० टक्के, मध्यावरच्या कॉइलला १५. जवळपास दोन डेसिबलचा फायदा. जमीन जितकी वाईट, तितका कॉइल वर नेण्याचा फायदा जास्त. रेडियल उत्तम असतील तर फायदा आटतो, मग मी कॉइल खालीच ठेवून तिचा क्यू वाढवण्यावर मेहनत घेईन: जाड तार, वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीएवढी फट, आणि कॉइलच्या टोकांशी धातूच्या मोठ्या चकत्या अजिबात नकोत.

अंशमापे

चकत्यांच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. मी एकदा कॉइलच्या माथ्याला लागूनच टोपी (कपॅसिटन्स वाढवणारी धातूची चकती) बसवली होती. रेझोनन्ससाठी वेढे कमी लागले म्हणून खूश होतो, पण सिग्नल पडला. टोपी दांड्याच्या टोकाला नेली आणि फरक कळला. टोपीचा कपॅसिटन्स दांड्याच्या टोकाला असला तर करंटला पूर्ण दांडा चढून जावं लागतं. कॉइललगत असला तर तो मधूनच फुटतो. त्या वेळी कारण समजलं नव्हतं, आज समजलं.

सप्तमेगा

आठवडाभर पाऊस होता, आज मोजता आलं. तांबेतार म्हणतात तसं कडं केलं, बारा वेढे, बोटभर मीटर, सहा मीटरवरून कॅमेऱ्याने वाचलं. कडं वर बसवल्यावर रेझोनन्स अगदी किंचित खाली सरकला, ट्रान्समीटर तेवढा सरकवून घेतला.

७.१ ला: खाली १००, वर ९१.
दांडा आत सरकवून १०.१ ला (रेझोनन्स ९७ सेंमीवर मिळाला): खाली १००, वर ८०.

दोन्ही तीन-तीनदा मोजले, आकडे एक-दोन टक्क्यांत परत आले. वरचे आकडे दोन्हीकडे थोडे कमी आहेत, तो कड्याचा आणि मीटरचा स्वतःचा कपॅसिटन्स असावा. मग तोच जुना पत्र्याचा डबा कॉइलच्या माथ्याशी नुसता टांगला, जोडला एकाच ठिकाणी, आणि डब्याच्या वरच्या बाजूला कड्याने मोजलं. ७.१ ला ९१ चे ८४ झाले. आणि मग कॅमेरा सुरू ठेवून मी पहिल्यासारखा हातभर अंतरावर जाऊन उभा राहिलो. ८२.

शांतलहर

तुमचा पहिला आकडा अखेर सापडला! पुढच्या वेळी कॉइल मध्यावर नेऊन मोजाल तेव्हा तीन ठिकाणी मोजा: तळाशी, कॉइलच्या लगेच खाली आणि लगेच वर. तिथे कॉइलच्या खालच्या टोकालाही थोडं व्होल्टेज असतं आणि वर फक्त सव्वा मीटर दांडा, म्हणून कॉइलमधली घट आठ टक्क्यांहून जास्त येईल. मोठी कॉइल लागेल, तिचा व्यास आणि लांबी इथे टाका, आकडा मी आधी काढून देते.

सप्तमेगा

साडेपाच सेंमी व्यास, १६ सेंमी लांब, ५० वेढे. आज रात्री गुंडाळायला बसतोय.